यष्टीच्या न्यूट्रलमधे मुंग्या

आमच्याकडे एक आरव्ही, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर, आहे हे जुन्या वाचकांना माहितीये, २६ फुटी, दुसऱ्या की तिसऱ्या हातातली, आणि पहिल्याच ट्रिपला तिच्या खिडक्या इतक्या खडखडल्या की बायको म्हणाली ही तर यष्टी आहे, तेव्हापासून तिचं नाव यष्टी. ह्यूस्टनच्या ज्या भागात आम्ही राहतो तिथे घरासमोर असली धूडं लावायला सोसायटीची परवानगी नाही, म्हणून ती पंधरा मिनिटांवरच्या एका स्टोरेज यार्डात उभी असते. तिथे प्रत्येक गाडीला विजेचा एक छोटा खांब आहे, इथे त्याला पेडेस्टल म्हणतात, पण त्यावर फक्त साधं १५ अँपचं सॉकेट. त्यावर एसी वगैरे चालत नाही, बॅटरी चार्ज राहावी एवढाच उद्देश.

तर मे महिन्याच्या शेवटी मेमोरियल डेची तीन दिवसांची सुट्टी, गार्नर स्टेट पार्कचं बुकिंग (फ्रिओ नदीत टायर ट्यूबवर पडून वाहत जायचं, मुलांचा आवडता कार्यक्रम, आणि ते बुकिंग मिळवणं म्हणजे दिवाळीत पुण्याहून कोकण रेल्वेचं तिकीट काढण्यासारखंच), आणि मी आदल्या शनिवारी सामान भरायला गेलो तर आतले दिवे मिणमिण करतायत. पाण्याचा पंप चालू केला तर म्हातारा जिना चढताना कण्हतो तसा आवाज. बॅटरीवर मीटर लावला, ११.३ व्होल्ट.

ज्यांना या गाड्यांचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आत दोन वेगळे संसार असतात. एक १२ व्होल्टचा, बॅटरीवरचा, त्यात दिवे, पंप, हीटरचा पंखा, गॅस गळतीचा अलार्म. दुसरा १२० व्होल्टचा, बाहेरून कॉर्ड लावली की चालणारा, त्यात एसी, मायक्रोवेव्ह, सॉकेट्स. आणि दोघांच्या मधे कन्व्हर्टर नावाचा डबा, जो १२० चे साधारण १३.६ करून बॅटरीला पाजत राहतो. आपल्या घरातला इन्व्हर्टर उलटा करा, झालं.

१२.६ च्या वर पाहिजे तिथे ११.३ म्हणजे मी म्हणलं बॅटरी गेली, चार वर्षांची होती, जाणारच. सरळ दुकानात गेलो, नवीन आणली, १९० डॉलर, जुनी तिथेच जमा करून आलो. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

रविवारी सकाळी परत गेलो तर नवीन बॅटरी १२.७ वरून १२.४. कॉर्ड लावलेली, तरी खाली. म्हणजे चार्ज होत नाहीये. मग मी माझा पेनासारखा टेस्टर काढला, तो तारेला न लावता नुसता जवळ नेला तरी पीं पीं करतो आणि लाल पेटतो. टीव्हीच्या मागच्या सॉकेटजवळ नेला, पीं पीं. पॅनेलजवळ नेला, पीं पीं. म्हणजे करंट आत येतोय, मग कन्व्हर्टर मेलाय, सरळ हिशोब. फक्त किचनमधल्या जीएफसीआय सॉकेटचा (करंट गळायला लागला की स्वतःच वीज तोडणारं सॉकेट) हिरवा दिवा बंद होता आणि रीसेट दाबलं तरी बसत नव्हतं, तर म्हणलं तेही गेलं असेल, जुनी गाडी, एक गेलं की पाठोपाठ दुसरं. २२ डॉलरचं नवीन आणून बसवलं. तेही रीसेट होईना! आता इथे कुठल्याही शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं, दोन सॉकेट एकाच पद्धतीने कशी मरतील. मी नाही थांबलो. मी म्हणलं चायनाचा माल.

रात्री साडेनऊला मी लॅपटॉपवर २६० डॉलरचा कन्व्हर्टर कार्टमधे टाकून बसलेलो, आणि आप्पांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे आठ. आप्पा आमचे सांगली जिल्ह्यातले, ऊस, विहिरीवर मोटर, आणि रात्रपाळीची लाईट आली की टॉर्च घेऊन शेतात जाणारा माणूस. इलेक्ट्रिकचं शिक्षण काही नाही पण वायरमन यायची वाट बघण्यात पीक वाळतं म्हणून सगळं स्वतः शिकलेले. मी आपलं सहज सांगितलं काय काय झालं ते.

आप्पा म्हणाले, "टेस्टर दोन्ही भोकांत लागतोय का?"

मी म्हणलं आप्पा हा तसला टेस्टर नाही, हा नुसता जवळ नेला तरी वाजतो.

"मग काय कामाचा त्यो? दोन्ही भोकांत लागला की न्यूट्रल गेलाय म्हणून समज. बल्ब लावून बघितलास का एक तरी?"

नाही बघितला. हजार डॉलरची अवजारं माझ्या गॅरेजमधे आहेत, पण चाळीस वॅटचा एक बल्ब लावून बघायचं सुचलं नाही. लहानपणी घरात लाईट "अर्धी" गेली की आप्पा होल्डरला दोन वायरी जोडलेला बल्ब घेऊनच फिरायचे, ते मी रोज बघितलेलं आहे, तरीही.

सोमवारी ऑफिसमधून लवकर निघालो. टीव्हीच्या सॉकेटमधे मीटर घातला. डाव्या भोकातून अर्थला ११९ व्होल्ट. उजव्या भोकातून अर्थला, ११९ व्होल्ट. दोन्ही भोकांच्या मधे शून्य. म्हणजे फेज (करंट आणणारी तार) येतोय, न्यूट्रल (तो परत नेणारी तार) कुठेतरी तुटलाय, आणि फेज कन्व्हर्टरमधून फिरून न्यूट्रलच्या तारेवर येऊन नुसता उभा आहे, जायला वाट नाही म्हणून. ज्या पांढऱ्या तारेला आपण निर्धास्त हात लावतो तिच्यावर ११९ व्होल्ट. माझा पीं पीं पेन दोन्हीकडे खरंच बोलत होता, मीच चुकीचं ऐकलं. (आमची गाडी ३० अँपवाली म्हणून नुसती बंद पडली. मोठ्या ५० अँपच्या गाड्यांत दोन फेज येतात, तिथे न्यूट्रल गेला तर एखाद्या बिचाऱ्या टीव्हीला १२० च्या जागी दोनशेच्या वर मिळू शकतात. तिथे धूर निघतो.)

मग गाडीतला जनरेटर चालू केला. अर्ध्या मिनिटाने खट्ट असा आवाज आला आणि सगळं जिवंत! जीएफसीआयचा हिरवा दिवा लागला, बॅटरीवर १३.६. कन्व्हर्टर ठणठणीत होता. जनरेटर बंद केला, परत खट्ट, परत सगळं मेलं. त्या खट्ट आवाजाने मला सांगितलं चोर कुठे आहे. तो ट्रान्सफर स्विच, म्हणजे आपल्याकडचा चेंजओव्हर, पण आपोआप होणारा. एरवी तो बाहेरच्या कॉर्डवर टेकलेला असतो, जनरेटर चालू झाला की थोडं थांबून कॉइल ओढते आणि पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून करंट जोडणारे धातूचे तुकडे, इकडून तिकडे जातात. मागच्या बेडखालच्या कप्प्यात एक राखाडी डबा, चार स्क्रू.

कॉर्ड खांबावरून काढली, जनरेटरच्या बॅटरीची निगेटिव्ह काढली, मीटरने दोनदा शून्य बघितलं, मगच झाकण उघडलं. एवढी अक्कल आहे.

आत मला आधी वाटलं कुणीतरी चहाचा चोथा भरून ठेवलाय. तांबूस काळा, दमट, डब्याच्या तळाला बोटभर थर. आणि एक आंबूस जळका वास. मग तो चोथा हलायला लागला.

फायर अँट. आपल्याकडच्या लाल मुंग्या परवडल्या असं म्हणायची वेळ आणणारी ही जात मूळची दक्षिण अमेरिकेतली, १९३० च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरातून आली आणि दक्षिणेची सगळी राज्यं खाऊन बसली. ह्यूस्टनकरांना तर हार्वे वादळाच्या पुरात, २०१७ साली, त्यांचे तरंगते तराफे आठवत असतील, हजारो मुंग्या एकमेकींना धरून पाण्यावर, त्यांच्यात राणी आणि अंडी. पाऊस झाला की कोरडी उंच जागा शोधतात. मेच्या सुरुवातीला आमच्याकडे आठवडाभर पाऊस, आणि यार्डातल्या ओल्या गवतात एकच कोरडी, ऊबदार, अंधारी खोली, माझा स्विच.

मी मागे हात घेईपर्यंत मनगटावर चढल्या. ह्या मुंगीची रीत म्हणजे आधी जबड्याने धरते आणि मग मागची नांगी वाकवून एकाच जागी गोल गोल डंख मारत जाते. अकरा डंख. स्क्रू हातातून सुटून थेट त्या चोथ्यात. मी पार्किंगमधे हात झटकत जो काही नाच केला तो शेजारच्या बोटवाल्या म्हाताऱ्याने बघितला आणि शांतपणे म्हणाला "अँट्स?" दुसऱ्या दिवशी प्रत्येक डंखावर पांढरी पुळी आली, ती फोडायची नसते, खाज मात्र आठवडाभर.

विजेच्या डब्यात त्या एवढ्या संख्येने का जमतात याचं एक कारण बघण्यासारखं आहे. एखादी मुंगी दोन पॉइंटच्या मधे आली की तिला शॉक बसतो, मरता मरता ती धोक्याचा वास सोडते, त्या वासाने बाकीच्या मदतीला नाहीतर भांडायला धावतात, त्यांनाही शॉक बसतो, त्याही वास सोडतात. अशी ती रास वाढत जाते.

आणि पॉइंट मिटलेले असताना त्या मधे कशा शिरल्या? तर वाट मीच उघडून दिली. जनरेटर महिन्यातून एकदा लोडवर चालवायचा असतो, नाहीतर कार्ब्युरेटर चोंदतो. पाऊस उघडल्यावर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मोठ्या कर्तव्यबुद्धीने तो तासभर चालवला. त्या तासात कॉर्डच्या बाजूचे पॉइंट उघडे होते. मी जनरेटर बंद केला, पॉइंट मिटले, मुंग्यांवर. फेजचा पॉइंट बसला, न्यूट्रलच्या पॉइंटमधे मुंग्यांची चटणी होऊन ती मधे राहिली. त्या दिवसापासून बॅटरी एकटी गॅस अलार्म आणि काय काय पोसत होती, दोन-तीन आठवडे. म्हणजे माझी जुनी बॅटरी बहुतेक चांगलीच होती, फक्त उपाशी होती, आणि ती मी दुकानात देऊन आलो.

आप्पांना फोटो पाठवला. ते अजिबात चकित झाले नाहीत. "आपल्या मोटरच्या स्टार्टरमधे दरवर्षी असतात की. स्टार्टर पकडंना झाला की पहिलं झाकण काढायचं. मुंगी नसली तर पाल." त्यांचा उपाय म्हणजे पॉलिश पेपर मारायचा, फुंकर घालायची आणि डब्यात फडक्यात बांधून दोन डांबरगोळ्या टाकायच्या.

यातलं पहिलं मी केलं नाही, कारण या पॉइंटवर चांदीचा थर असतो, पॉलिश पेपरने तो झिजतो आणि मग ते जास्त तापतात. आप्पांशी यावर दहा मिनिटं वाद झाला, शेवटी ते म्हणाले मग पोस्टकार्ड फिरव. ते पटलं. इथे पोस्टकार्ड कुठलं, ऑफिसचं जुनं व्हिजिटिंग कार्ड कापून पट्टी केली, कॉन्टॅक्ट क्लीनरमधे भिजवली, पॉइंट बोटाने उघडून मधे घातली, मिटवून हळूच ओढली. पहिली पट्टी तपकिरी काळी, मधे एक अख्खा पाय चिकटलेला. सातवी पट्टी पांढरी निघाली. त्याआधी सगळा चोथा व्हॅक्यूमने ओढला होता, स्प्रे अजिबात मारला नाही, असल्या बऱ्याच स्प्रेमधला गॅस पेट घेतो आणि पॉइंटवर ठिणगी पडते. एक पांढरी तार टर्मिनलपाशी सैल होऊन तपकिरी पडली होती, रस्त्याच्या धक्क्यांनी या गाड्यांचे स्क्रू सुटतातच, ती कापून नवी सोलून आवळली. कॉर्ड लावली. दोन भोकांत ११९. आणि हो, यावेळी बल्बही लावला.

डांबरगोळ्यांना बायकोचा नकार. ज्या बेडवर झोपायचं त्याच्या खाली तो वास नको म्हणाली, आणि खरंतर इथे पाकिटावरच लिहिलेलं असतं की फक्त बंद हवाबंद डब्यात वापरा. मग कॉर्ड जिथून आत येते ते भोक आणि डब्यात तारा शिरतात त्या फटी, वायरमन लोक वापरतात त्या न वाळणाऱ्या पुट्टीने बुजवल्या. एका मित्राने स्टील वूल सुचवलं, ते उंदरांना ठीक आहे पण तारांच्या शेजारी लोखंडाचा कापूस मी कोंबणार नाही.

बाहेरच्यांसाठी इथल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या शेतीवाल्यांची दोन पायऱ्यांची पद्धत आहे, आधी सगळीकडे विषारी दाणे विखरायचे, मग उरलेली वारुळं एकेक गाठायची. दाणे तेलातले असतात, मुंग्या खाणं शोधत फिरत असतील तेव्हाच टाकायचे, आणि फिरतायत का हे बघायला वेफरचा तुकडा ठेवून वाट बघायची. वेफर नव्हते, गाडीत शेव होती. चिमूटभर टायरपाशी ठेवली. सहा मिनिटांत शेव लाल.

गार्नरला एक दिवस उशिरा पोचलो. एसी चालला, मुलं नदीत, मी मनगट खाजवत.

काल परत यार्डात गेलो. डबा उघडला, स्वच्छ. पण कॉर्डवर एक मुंगी चालत होती, एकटीच. तिला मारलं नाही, कुठे जाते ते बघत उभा राहिलो. गाडीकडे नाही गेली, उलट्या दिशेने खांबाकडे गेली आणि सॉकेटच्या खालच्या फटीत शिरली. कान जवळ नेला तर खांब बारीक सरसरत होता. ऑफिसात जाऊन सांगितलं. काउंटरवरच्या मुलीने नंबर लिहून घेतला आणि म्हणाली वर्क ऑर्डर टाकते, पुढच्या महिन्यात कोणीतरी येईल. मी कॉर्ड काढून गुंडाळून आत टाकली आहे, आणि बॅटरीची निगेटिव्हही काढून ठेवली आहे.