तुम्ही विचारलंत म्हणून: दादा कशाने गेला

दादाचं नाव निघालं की थोड्या वेळात हा प्रश्न येतोच. "कशाने गेले हो? वय तर काहीच नव्हतं." लग्नाकार्यात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, त्याचे जुने विद्यार्थी भेटले की तेही विचारतात. मी सांगते, त्याला डिप्रेशन होतं आणि त्या आजारात त्याने आत्महत्या केली. समोरचं माणूस गप्प होतं. काही जण आवाज खाली आणून म्हणतात, "असं सगळ्यांना सांगत जाऊ नका." तरी सांगते.

२०१९ मध्ये तो गेला, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं की विचारणाऱ्याला हार्ट अटॅक सांगायचा. त्यांना पोलिसांची भीती होती आणि दादाच्या मुलीच्या लग्नाची काळजी होती. पोरगी तेव्हा चौथीत होती! पोलीस तर आलेच. पंचनामा, शवविच्छेदन, जबाब, अकस्मात मृत्यूची नोंद, यातलं काहीच टळत नाही. कागदावर शेवटी एक ओळ उतरली, 'आजाराला कंटाळून'.

हार्ट अटॅक म्हटलं की लोक पुढचं विचारतात. बीपी होतं का, शुगर होती का, आधी दुखलं नाही का? प्रत्येकाला काहीतरी नवं रचून सांगायचं. त्याहून वाईट म्हणजे दादाच्या शेवटच्या काही वर्षांबद्दल घरात कुणी बोलेनासं झालं, कारण त्या वर्षांतली कुठलीही गोष्ट काढली की ती आजारापाशी जायची. आणि ती वर्षं नुसती आजाराची नव्हती हो.

साताऱ्याच्या एका शाळेत तो गणित शिकवायचा. अपूर्णांकांचा धडा आला की घरून भाकरी घेऊन जायचा, वर्गात तिचे तुकडे करायचा, आणि शेवटी ज्याचं उत्तर चुकलं असेल त्याला सगळ्यात मोठा तुकडा द्यायचा. रविवारी पहाटे यवतेश्वरचा घाट पायी चढायचा. मुलीला सायकल याच काळात शिकवली त्याने. वहिनीच्या आईच्या आजारपणात रात्री हाच जागला. हे सगळं आजाराच्या पहिल्या फेरीनंतरचं आहे.

पहिल्या फेरीत त्याला पहाटे तीनला जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. सहामाहीचे पेपर समोर घेऊन तो तासभर एकाच पानावर बसलेला असायचा. मेथीची भाजी त्याच्या जिवाची, ती पानात तशीच राहायची. "चव लागत नाही गं," म्हणायचा. आणि म्हणायचा, "तुम्हाला सगळ्यांना माझं ओझं झालंय." ज्याच्यावर अख्खं घर टेकलेलं होतं, तो माणूस हे मनापासून म्हणत होता. हा आजार माणसाला स्वतःबद्दल असं खोटं पटवून देतो. नातेवाइकांचे सल्ले चालूच होते: मन रमव, नामस्मरण कर, पत्रिका दाखव, सगळं तर आहे तुझ्याकडे.

वहिनी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. पंधरा दिवसांत सगळे म्हणायला लागले की फरक नाही, बंद करा. वहिनीने एकही दिवस चुकू दिला नाही. आणि दादा परत आला, खडू हातात घेऊन वर्गात उभा राहिला.

मग आजार उलटला. एकदा झालेल्याला तो पुन्हा होऊ शकतो. उपचार चालू असतानाच दादा गेला. "मग डॉक्टर करून काय उपयोग झाला?" असंही मला विचारतात. सायकल, घाट, भाकरीचे तुकडे, हा उपयोग झाला. उपचारांनी पुष्कळ जण सावरतात, आणि डिप्रेशन असलेली बहुतेक माणसं या वाटेने जात नाहीत.

काहींना नेमकं कारण हवं असतं. कर्ज होतं का, घरात काही बिनसलं होतं का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६. प्रत्येक मृत्यूपुढे एक कारण लिहिलेलं असतं, आणि त्यांत कौटुंबिक समस्या सगळ्यात वर, जवळजवळ ३२ टक्के. तो रकाना वाचला की मला त्या घरातल्या बायका दिसतात, ज्यांच्याकडे तेराव्यालाच बोटं दाखवली गेली असतील. वहिनीकडेही दाखवली गेली. माणूस अनेक गोष्टी एकत्र येऊन जातो, त्या एका ओळीत कशा बसतील?

हार्ट अटॅकचं नाटक तिनेच बंद केलं. मुलीला शाळेत कुणीतरी काहीतरी बोललं, तेव्हा तिने तिला समोर बसवून सांगितलं की बाबांना मनाचा आजार होता, त्या आजारात त्यांनी स्वतःचा जीव घेतला, आणि यात तुझं काहीही चुकलेलं नाही. पोर रडली, आणि मग तिने बाबांबद्दल विचारायला सुरुवात केली. अजून विचारते. मला म्हणते, "आत्या, ते भाकरीचं पुन्हा सांग."

पितृपक्षात एका वडीलधाऱ्यांनी सुचवलं की अशा मृत्यूचं श्राद्ध चतुर्दशीला करतात, शस्त्रादिहतांचं. आई म्हणाली, "माझं पोर आजाराने गेलं. त्याच्या तिथीलाच होईल." तसंच होतं.

खरं सांगण्याचं आणखी एक कारण आहे. मी सांगितलं की दहातल्या एखाद्या वेळी समोरची बाई माझा हात धरते आणि म्हणते, "आमच्याकडेही." मग आम्ही दोघी बोलतो.

तुमच्या घरात कुणी झोप हरवून बसलं असेल, 'मी नसलेलंच बरं' म्हणत असेल, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं. ज्याला त्रास होतोय त्याने फोन करावा, आणि ज्याला घरातल्या माणसाची काळजी वाटतेय त्यानेही.