कानाला दडे, आणि दवाखान्यातली ती रांग

दिल्लीहून नाशिकच्या ओझर विमानतळावर येताना मला सर्दी होती. विमान उतरू लागलं तशी भुवईच्या वर कळ सुरू झाली आणि डाव्या कानाला दडे बसले. घरी वाफ घेऊन नाक-कपाळ मोकळं झालं, कान मात्र बंदच. लगेच लेकीकडे हैदराबादला जायचं होतं, म्हणून तपासून घ्यायला गंगापूर रोडवरच्या एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात गेले.

खरा त्रास तिथे झाला. फोनवर नंबर देत नाहीत, सकाळी येऊन नाव लिहायचं. लिहिलं, तर डॉक्टर ऑपरेशनला गेलेले. संध्याकाळी गेले, तर सकाळची यादी बाद, पुन्हा नाव लिहा. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, कान आपोआप सुटतो, एवढी काय घाई?" बरेचदा सुटतो, मान्य. पण विमानात बसू की नको, हे तिने कसं ठरवायचं? आणि कानाच्या दवाखान्यात पेशंटना हाका मारून बोलावतात! माझ्या शेजारच्या आजोबांना हाक ऐकूच आली नाही, तर त्यांचं नाव यादीत तळाला टाकलं. मी भांडून ते परत वर घ्यायला लावलं. टोकनचा आकडा दिसेल असा एक बोर्ड लावायला कितीसा खर्च येतो?

डॉक्टर मात्र चांगले निघाले. पडदा आत ओढला गेलाय, मागे पाणी नाही, काळजी घेऊन जा म्हणाले. विमानातली हवा 6,000 ते 8,000 फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे कळसूबाईच्याही वरची. चढताना कानातली जास्तीची हवा सहज बाहेर पडते. उतरताना नाकामागच्या नळीतून ती आत यावी लागते, आणि सर्दीने नळी सुजलेली असली की येत नाही.

म्हणून उतरताना झोपायचं नाही. चोंदलेलं नाक मोकळं करणारे औषधी थेंब विमान खाली यायला लागण्याच्या अर्धा तास आधी टाकायचे. हैदराबादचा प्रवास जेमतेम दीड तासाचा, म्हणून मी विमान सुटताच टाकले. ते थेंब तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरू नका, बीपी असेल तर आधी विचारा. लिमलेटची गोळी चघळत सतत आवंढा गिळायचा. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायचं, तेही दुखायला लागण्याआधीपासून. जोर लावला तर पडद्याला इजा होते. हो, तान्ह्या बाळाला उतरताना पाजा, गिळताना त्याचीही नळी उघडते. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं ते निघण्याआधी घरीच, पाणी उकळून गार केलेलं घ्या.

यावेळी कान दोनदा टुचकन वाजला आणि सुटला. इतकं हायसं वाटलं!

कानातून रक्त किंवा पाणी आलं, चक्कर आली किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठा. काउंटरवर आधीच ठणकावून सांगा, मला ऐकू येत नाही, माझी पाळी आली की जवळ येऊन सांगा.