काकांची फळी

स्कॉटलंडमधल्या एडिनबरामध्ये लीथ वॉक म्हणून एक लांबलचक रस्ता आहे. बेळगावकराला सांगायचं तर आपला खडेबाजार ताणून समुद्राकडं नेल्यासारखा. न्हावी, बेकरी, किराणा, दुकानांवर माड्या. २०१९ च्या शेवटी ट्रामसाठी तो उकरायला घेतला, तेव्हा मी तिथंच भाड्यानं राहत होतो.

दुकानदार आधीपासूनच तापलेले. काही वर्षांपूर्वी हाच रस्ता ट्रामच्या नावानं खणून झाला होता. मग खर्च हाताबाहेर गेला आणि २०१४ ला ट्राम सुरू झाली ती अलीकडं, यॉर्क प्लेसलाच थांबली. धूळ यांनी खाल्ली, ट्राम दुसऱ्यांना. हे ऐकून मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू!

या खेपेला मात्र दुकानदारांचा विचार आधी केलेला दिसला. तोटा झालेल्यांसाठी मदतनिधी होता, पण मला आवडली ती साधी गोष्ट: माल उतरवायला ठरवून दिलेल्या जागा. ट्रक तिथं थांबायचा आणि तिथली माणसं खोकी दुकानापर्यंत पोचवायला हात लावायची. मी ज्याच्याकडून कोथिंबीर घ्यायचो तो म्हणायचा, गिऱ्हाईक चालत येईल रे, बटाट्याचं पोतं चालत येत नाही.

तरी सगळं गोड नव्हतं. मध्येच कोविड आला, काम थांबलं. ट्रामच्याच वाटेवरच्या कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवर जुन्या दफनभूमीतले साडेतीनशेवर सांगाडे निघाले, तेही नीट काढावे लागले. ट्राम लीथ वॉकवरून शेवटच्या थांब्यापर्यंत, न्यूहेवनपर्यंत धावली ती ७ जून २०२३ ला. तोवर माझ्या ओळखीची दोन दुकानं बंद पडली होती.

या सगळ्यात मला सारखे आमचे बेळगावातल्या शहापूरचे काका आठवायचे. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं, तेव्हा काकांनी दुकानात कुंदा वाटला होता. पुढं त्यांच्याच साड्यांच्या दुकानासमोर गटारासाठी चर खणला आणि कंत्राटदाराची माणसं दुसऱ्या गल्लीत गेली. किती दिवस? कुणी सांगेना. लग्नसराई तोंडावर. काकांनी चरावर सागवानी फळी टाकली आणि स्वतः पलीकडं उभे राहिले. म्हाताऱ्या बायका यायच्या, काका हात धरून एकेकीला आत घ्यायचे, परत जाताना पिशवी स्वतः पोचवायचे. माल उतरवायची जागा, माणूस, पाटी, सगळं काकाच.

मला विचाराल तर पैशाआधी दुकानदाराला तारीख हवी असते. अमुक दिवशी तुझ्या दारातलं काम सुरू, तमुक दिवशी संपणार. तेवढं कळलं तर तो माल कमी भरतो, उधारी पुढं ढकलून घेतो.

मी एवढ्या लांबनं काय करणार? त्या वर्षी दिवाळीच्या साड्या व्हॉट्सअॅपवर फोटो बघून काकांकडनंच घेतल्या, पैसे आधी पाठवले. एक साडी बायकोला अजिबात आवडली नाही, पण ते काकांना सांगायचं नाही.

परवा फोनवर म्हटलं, "काका, रस्ता झाला न्हवं आता? ती फळी काढून टाका की."

"टाकतोय कशाला?" काका म्हणाले. "माडीवर ठेवलीय. परत उकरतात की."