आमची वाटचाल : थर आतून की बाहेरून?

नागपुरात आमची फर्म उभी राहिली ती वॉटरप्रूफिंगच्या जोरावर. पण मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे सरकला की तेच ग्राहक विचारायचे, "भाऊ, गळती थांबली, आता या पश्चिमेच्या भिंतीचं काहीतरी करा." तिथून आम्ही उष्णतारोधक भिंतींच्या कामात उतरलो.

नऊ इंची विटेच्या भिंतीला 50 मिमी थर्माकोल जोडला की तिच्यातून येणारी उष्णता जवळपास पाऊण हिश्शाने घटते. थर आतून लावा की बाहेरून, हे प्रमाण तेच. फरक पडतो तो वेळेत. उघडी भिंत दुपारचं ऊन साठवून घेते आणि सहा-आठ तासांनी, ऐन झोपायच्या वेळी, खोलीत सोडते. बाहेरून थर असला तर विटा तापतच नाहीत म्हणा ना. रात्री खिडक्या उघडून कूलर चालवला की भिंत गार होते आणि तो गारवा दुसऱ्या दुपारी कामी येतो. दिवसभर माणसांचा वावर असलेल्या घराला आम्ही हेच सुचवतो. स्लॅब आणि बीमच्या कडाही यात झाकल्या जातात. आतल्या थरात त्या सुटतात आणि तिथून उष्णता आत शिरते.

एसी फक्त रात्री चालत असेल तर मात्र आतला थर बरा. एसीला आख्खी भिंत थंड करत बसावं लागत नाही, खोली लवकर गार होते. फ्लॅटमध्ये तर सोसायटीची परवानगी आणि परांचीचा खर्च पाहून बहुतेक जण हाच मार्ग धरतात. पण ओल असलेल्या भिंतीवर आतून काम आम्ही घेत नाही. आधी बाहेरच्या भेगा बुजवायच्या, एक पावसाळा पाहायचा. यापायी कामं हातची गेली, तरी नियम तोच आहे. वरच्या मजल्यावर आधी छत, मग भिंत, हेही स्पष्ट सांगतो.

उंच इमारतीला बाहेरून रॉकवूलच, म्हणजे दगडापासून बनवलेली, न पेटणारी लोकर. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 2017 साली बाहेरच्या आवरणातून आग पसरली आणि 72 जीव गेले. स्वस्तात थर्माकोल लावून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही ही घटना सांगतो.

प्लास्टर करणारे आमचेच गवंडी आता हे काम करतात. खिडकीच्या कोपऱ्यातून भेग जाऊ नये म्हणून तिथे जाळीची तिरकी पट्टी दिल्याशिवाय ते पुढचा हात मारत नाहीत. कूलरच्या स्टँडचे बोल्ट थर्माकोलमध्ये टिकत नाहीत, म्हणून थर चढवण्याआधीच ते विटेत पक्के करायचे, ही पद्धतही त्यांनीच पाडली.