गेज ३ दाखवत होतं, तरी कार्बोरेटर ओव्हरफ्लो

मागच्या उन्हाळ्यात गॅरेजला एक प्रीमियर पद्मिनी आली, १०८९ सीसी, मालक रिटायर्ड काका, गाडी जिवापाड जपलेली. सकाळी लगेच चालू होते म्हणे पण तापली की पेट्रोलचा वास, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) गचके आणि बंद केली की लवकर चालूच होत नाही. घाटात वेपर लॉक व्हायचा, म्हणजे गरमीने पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटायचा, म्हणून कुणीतरी मूळचा मेकॅनिकल पेट्रोल पंप काढून इलेक्ट्रिक बसवलेला, सोबत पेट्रोलचं प्रेशर कमी करणारा रेग्युलेटर आणि बॉनेटखाली ते प्रेशर दाखवणारं, ऑइल भरलेलं छोटं गेज. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह नवीन, तो दाबून बंद करणारा फ्लोट सेट केलेला, तरी तेच.

डिपस्टिक काढली तर ऑइलला चक्क पेट्रोलचा वास आणि लेव्हल मॅक्सच्या वर. म्हणजे पेट्रोल सिलिंडरमधून खालच्या ऑइल चेंबरात उतरत होतं, असंच चालवत राहिले असते तर बेअरिंगं गेलीच असती.

गेज मात्र ३ पीएसआय, आणि या गाडीला साधारण तेवढंच लागतं, त्यामुळे सगळे कार्बोरेटरच्याच मागे. मी इंजिन गरम असतानाच बंद केलं, पंपाची वायर काढली, पाइप सोडून प्रेशर घालवलं. आता काटा शून्यावर यायला हवा ना, तो शून्याच्याही खाली जाऊन पिनला टेकला! तिथंच कळलं. गेज सीलबंद असतं, आतलं ऑइल तापून फुगतं, डब्यात प्रेशर होतं आणि काटा कमी दाखवतो. शंभर पीएसआयच्या गेजला दोन-तीन पीएसआयचं काही वाटत नाही, इथे सगळा खेळच ३ चा आहे.

वरचं रबरी बूच जरा उचकटलं, फुस्स, काटा शून्यावर. गाडी चालू केली तर ६! एवढ्या प्रेशरला फ्लोटचा जोर पुरत नाही, नीडल सीटवरून उचलली जाते आणि पेट्रोल नुसतं येत राहतं.

रेग्युलेटरचा लॉकनट सोडला, आयडलवरच स्क्रू ढिला करून परत हळूहळू आत घेत ३ वर आणून टाइट केला. मग इंजिन बंद, पंप चालू ठेवून बघत बसलो, काटा चढला असता तर रेग्युलेटर आतून लीक. नाही चढला. ऑइल, फिल्टर बदललं.

पंप डायरेक्ट इग्निशनवर होता, ते मला अजिबात पटलं नाही. ऑइल प्रेशर स्विचवर रिले लावायचा, म्हणजे इंजिन थांबून ऑइलचं प्रेशर गेलं की पंप आपोआप बंद, असं म्हटलं तर काका म्हणाले एवढं कशाला. म्हटलं अहो काका, उद्या ठोकर बसून इंजिन बंद पडलं आणि पाइप तुटला तर पंप पेट्रोल ओततच राहणार, रिले लावल्याशिवाय मी गाडी देत नाही.