हद्दीचा दगडच सरकला तर?

माझे बाबा मोजणीदार. साखळी ओढत आणि बांधावरची भांडणं ऐकत त्यांची नोकरी संपली. मे महिन्यात ते जपानमध्ये सेंदाईला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना जवळच्या ओशिका द्वीपकल्पाकडे घेऊन गेलो आणि वाटेत एक स्टीलचा खांब दाखवला. उंची साधारण ५ मीटर, डोक्यावर पांढरी टोपी. टोपीखाली जीपीएसचा अँटेना.

असे सुमारे १,३०० खांब जपानभर आहेत. आपल्या फोनला जागा सांगताना काही मीटर इकडेतिकडे चालतं. हे खांब उपग्रहाच्या लहरीची कला (फेज), म्हणजे लहर आवर्तनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते, मोजतात. ती लहरच जेमतेम १९ सेंटिमीटरची, त्यामुळे मिलिमीटरचा हिशेब लागतो.

११ मार्च २०११ च्या भूकंपात ओशिकाचा खांब आग्नेयेकडे ५.३ मीटर सरकला आणि १.२ मीटर खाली गेला. म्हणजे खांब जमिनीत घट्टच, पायाखालची जमीनच त्याला घेऊन निघाली. टोकियोतला मोजणीचा मूळ बिंदूसुद्धा २७ सेंटिमीटरहून जास्त पूर्वेला गेला, तेव्हा सरकारला त्याचे आकडे बदलावे लागले.

बाबा बराच वेळ खांबाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, पण शेजारी-शेजारी दोघांचीही जमीन सरकली ना? मग बांध कुणी कोरला म्हणायचं?"

मी हसलो, पण प्रश्न अगदी मोजणीदाराचा होता. भूकंपानंतर ओशिका हळूहळू वरही येतंय, हे मात्र त्यांना परतीच्या गाडीत सांगितलं. त्यावर म्हणाले, "म्हणजे फेरमोजणी आलीच."