साडेपाच इंचांचं कोडं सुटलं, आणि खाली दुसरं निघालं

मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की लॉग केबिन क्विल्टच्या (मधल्या चौकोनाभोवती फेरीफेरीनं पट्ट्या शिवून केलेल्या चौकोनी ब्लॉकांची गोधडी) सगळ्या पट्ट्या रविवारपर्यंत कापून होतील. नाही झाल्या. ३६ पैकी ११ ब्लॉकवर गाडी अडलीय. अडलीय तीही शिवणीत नाही (यंत्रातलं दोऱ्याचं टेन्शन मागच्या महिन्यापासून गुणी बाळ आहे), चक्क कापण्यात.

रोटरी कटरनं (हँडलला लावलेलं, चाकासारखं फिरणारं गोल ब्लेड) दीड इंचाची पट्टी कापावी, रुलर उचलावा, पट्टी बाजूला घ्यावी, तर ती चार ठिकाणी मूळ कापडाला लोंबकळत असायची. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन धागे तसेच शाबूत. मग कात्रीचं टोक घालून ते तोडायचे, आणि तोडताना काठाला हमखास बारीकसा दात पडायचा. अडीच इंची पट्टीत असले दात खपून जातात. दीड इंची पट्टीचे दोन्हीकडून पाव-पाव इंच शिवणीतच जातात. तिथे काठ सरळ नसला की यंत्राच्या पायाला धरायला रेघ मिळत नाही, आणि पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत ब्लॉक तोंड वाकडं करतो.

पहिले दोन दिवस मी आपलं जोर लावणं चालू ठेवलं. एकाच रेघेवरून दोनदा, कधी तीनदा. खांदा भरून आला, धागे तिथेच. बहीण म्हणाली, "अगं, कात्रीनंच काप की सरळ." कापल्याही चार पट्ट्या. १९७९ मध्ये ओल्फा या जपानी कंपनीनं रोटरी कटर आणायच्या आधी लोक साचा ठेवून, पेन्सिलीनं आखून एकेक तुकडा कात्रीनं कापत, त्यांना साष्टांग नमस्कार. माझ्या चारांपैकी दोन पट्ट्या मधे बारीक आणि टोकांना जाड निघाल्या.

तिसऱ्या दिवशी वैतागून, खरं तर फेकून द्यायच्या आधी, एक पट्टी समोर घेऊन बसले आणि सुटलेल्या जागांमधलं अंतर मोजलं. चौदा सेंटिमीटर. पुढचं अंतरही चौदा. दुसरी पट्टी घेतली, तेच. मग ट्यूब पेटली: ब्लेड ४५ मिमीचं, म्हणजे परीघ १४१ मिमी. साडेपाच इंच आणि वर थोडं. चाक प्रत्येक फेरीत एकदाच, एकाच जागी चुकत होतं. ब्लेड बोथट झालेलंच नव्हतं. बोथट असतं तर कुठेही, कसंही सुटलं असतं. त्याला एका जागी खाच पडली होती.

खात्री करायला कटर उघडून ब्लेड दिव्याखाली तिरकं धरलं. चांगली धार दिसत नाही, खाच मात्र चमकते. बाजरीच्या दाण्याहून लहान, पण होती. तिच्या अगदी शेजारी मार्करनं ठिपका दिला, ब्लेड परत बसवलं आणि मुंगीच्या गतीनं कापलं. ठिपका खाली आला की धागा सुटला. पुन्हा खाली आला, पुन्हा सुटला. इतका आनंद मला ११ ब्लॉक पूर्ण झाले तेव्हाही झाला नव्हता.

खाच कुठून आली तेही आठवलं. दहाव्या ब्लॉकच्या कडा सारख्या करताना 'टिक्' असा आवाज झाला होता. काचेच्या डोक्याची टाचणी मी काढायला विसरले होते. टाचणी वाकली म्हणून हळहळले, ब्लेडकडे बघितलंसुद्धा नाही.

मधल्या काळात ॲल्युमिनियम फॉइलची घडी कापून धार लावायचा तो प्रसिद्ध उपायही करून झाला. माझं मत: खाच भरायला धातू कुठून येणार? फॉइलच्या पट्ट्या मात्र सुरेख निघाल्या. धार लावायच्या चकत्यांवरही माझा विश्वास नाही. नवं ब्लेड घालावं आणि गप्प बसावं.

तर नवं ब्लेड घातलं आणि गप्प काही बसता आलं नाही. कटर ढकलताना वाळूतून सायकल चालवल्यासारखं जड लागत होतं आणि कापडाचा काठ मिशा फुटल्यासारखा निघत होता. नट सैल केला, घट्ट केला, वॉशर उलटसुलट केला. अर्ध्या तासानं ब्लेड काढून बोटांत अलगद फिरवलं तर एकाची दोन झाली! डबीतून निघतानाच तेलानं एकमेकांना चिकटलेली दोन ब्लेडं मी एकत्र बसवली होती. हसू नका. डबीतलं ब्लेड काढताना ते तेवढं एकच आहे ना, हे बघत चला. आणि कटर उघडण्याआधी फोटो काढून ठेवा. वॉशरचा बाक कुठल्या बाजूला होता हे नंतर कुणालाच आठवत नाही. नट पूर्ण आवळून किंचित मागे घ्यायचा, ब्लेड न अडखळता फिरलं पाहिजे पण डुगडुगता कामा नये. गार्डखाली साचलेलं लिंट (कापडाचा बारीक भुगा) पुसलं, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दिला, जास्तीचं तेल चिंधीवर चार कट मारून घालवलं.

आता कटर लोण्यासारखा चालत होता. पहिली पट्टी उचलली, आणि एका जागी धागे सुटलेले. एकाच जागी! पुढच्या पट्टीतही तिथेच. चौदा सेंटिमीटरचा हिशेब इथे लागेना. म्हणून कापड मॅटवर (कापताना खाली ठेवायची, रेघा आखलेली चटई) चार इंच वर सरकवून कापलं. सुटलेली जागा पट्टीवर चार इंच खाली आली. मॅट अर्धी फिरवली, तर ती दुसऱ्या टोकाशी गेली. म्हणजे या खेपेला गुन्हेगार मॅट.

बोट फिरवल्यावर कळलं. मी वर्षभर काठ सरळ करायला एकच उभी रेघ वापरतेय, आणि खाच पडलेल्या ब्लेडनं जोर लावलेले ते दोन दिवस त्याच रेघेवर गेलेत. नऊ इंचांच्या खुणेजवळ चक्क चर पडलाय. मॅट 'आपोआप भरून येते' म्हणतात ते हलक्या कटापुरतं, चिरलेले काठ पुन्हा मिटतात एवढंच. उकरलेला चर भरत नाही. नवं ब्लेड तिथून जाताना कापडाला खालून आधारच नसतो. धागे कापले जाण्याऐवजी चरात दाबले जातात, तिथेच अडकतात आणि पुढच्या वेळी अजून मऊ गादी तयार. टाचणी एक, आणि तिची शिक्षा ब्लेडला, खांद्याला आणि मॅटला.

खोडरबर आडवा घासला तर चरातून निळसर करडा नमदा निघाला, बोटभर लांब, दोऱ्यासारखा. माझ्या गेल्या तीन क्विल्टांचे रंग ओळखू येत होते त्यात. मग गार पाणी, साबणाचा थेंब, मऊ ब्रश आणि सपाट ठेवून वाळवणं. (गरम पाणी नको आणि उन्हातही नको, मॅट पापडासारखी वळते.) आता चराचे मधले तीन इंच सोडले तर सगळीकडे स्वच्छ कट येतोय.

नवी मॅट घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. हे लिहिता लिहिता वाटतंय, नको. मॅट फिरवून ठेवली की चर माझ्या डावीकडे जातो आणि उजवा अर्धा भाग कोरा करकरीत आहे. दर महिन्याला कापायची रेघच बदलायची. मार्करनं मॅटच्या कोपऱ्यात महिना लिहून टाकलाय, ब्लेडवरही तारीख लिहिणार आहे. खाच पडलेलं ब्लेड फाउंडेशनच्या कागदांसाठी (ज्यांवर तुकडे ठेवून शिवतात ते) ठेवलंय, कागदाला त्या खाचेचं काही वाटत नाही. फक्त ते दुसऱ्या हँडलला लावायला हवं, नाहीतर मी पुन्हा तेच कापडावर चालवणार. दात पडलेल्या पट्ट्यांचे स्ट्रिंग ब्लॉक (कमी-जास्त रुंदीच्या उरलेल्या पट्ट्या जोडून केलेले) होतील, तिथे वाकडेपणा चालतो, उलट शोभतो.

२८ मिमीच्या ब्लेडनं वळणं कापायचा प्रयोग त्यामुळे पुढे ढकललाय. आधी गडद निळ्याच्या १४ पट्ट्या, उजव्या अर्ध्यावर, आणि टाचण्या डबीत मोजून झाल्यावरच.